पंचवीसचा कट्टा

संक्रांतीआधी पंधरा दिवस
आई विड्या वळायचं थांबवते
आणि साखर पेठेत मलगोंडांच्या गाळ्यात
तीळगूळ भरायला जाते.
हजेरी रोजची, वर जाताना उरलासुरला भुगा.

निघण्याआधी हात धुते तीनदा :
साबणाने, राखेने,
मग लिंबाच्या सालीने.
तरी नखांच्या कडेला बसलेलीच तंबाखू,
चाळीस वर्षांची भाडेकरू.

मागल्या सालापर्यंत कागदाच्या पुड्या होत्या.
यंदा मलगोंडांचा पोरगा पुण्याहून शिकून आला,
चकाकते पाऊच घेऊन.
वर नंदीध्वजाचं चित्र,
खाली मुंगीएवढ्या अक्षरात वजन आणि तारीख.
"भरायचं, मशिनीत धरायचं, झालं की मावशी."
मशीन म्हणतं टुक.
तोंड बंद.

आईला टुक समजत नाही.
तिला पानाचं तोंड मुडपता येतं,
नखानं कड आत सारून
दोऱ्याचे दोन वेढे, आणि गाठ अशी
की ओढली तर लगेच सुटेल,
नाही ओढली तर माणसाच्या आधी सुटणार नाही.

"तीन महिन्यांत खावे" असं लिहिलंय, मी वाचून दाखवलं.
"मग गोड बोलायचं पण तीनच महिने का गं?"
मी म्हटलं, तसं नाही, तीळ खवट होतो.
ती हूं म्हणाली.

मोजते तेलुगूत.
ओकटी, रेंडू, मूडू...
इरवै ऐदूला बोटं आपोआप थांबतात,
पंचवीसचा कट्टा.
खोक्यात मात्र चोवीसच मावतात.
दर खोक्याला एक पाऊच उरतो
आणि ती तो बाजूला ठेवते
जसं कुणी वेळेवर आलं नाही
म्हणून ताट झाकून ठेवावं.

आठव्या दिवशी हैदराबादहून फोन :
लाडवाला तंबाखूचा वास येतो.
पोरगा तिला काहीच बोलला नाही.
दुसऱ्या सकाळी हातमोजे आणून ठेवले, निळे.
आईने ते घातले, बोटं वर धरून बघितली.
"आता मलाच पाऊचात घातलं बघ."
गाळ्यातल्या सगळ्या बाया हसल्या,
ती पण हसली,
आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिची मोजणी चुकली.
पाक गरम आहे का निवला
हे अंगठ्याला कळेना म्हणे.

संक्रांतीच्या संध्याकाळी
गंगव्वा बिराजदार वाण घेऊन आली,
पदराखाली झाकून, अख्खी गल्ली ओलांडून.
हळद-कुंकवाची बोटं ओढलेलं सुगड,
गळ्याला पांढऱ्या सुताचे पाच वेढे,
आत ज्वारीचं कोवळं कणीस, घाटे, बोरं,
गाजराचे तुकडे, उसाचं कांडं
काठाबाहेर डोकावणारं.
झाकण नाही.
झाकणं तिच्या सुनेने लुटली होती वाणात :
प्लॅस्टिकची एकेक डबी, घरटी.

आईने तिच्या हातात उरलेल्यातला एक पाऊच ठेवला,
हातमोज्यांच्या आधीचा.
गंगव्वाने बाणाचं चित्र शोधलं,
"इथून फाडा" तिला वाचता येत नव्हतं,
शेवटी दाताने ओढला
आणि तीळ उडाले शहाबादी फरशीभर.

दोघी खाली बसल्या वेचायला.
गंगव्वाने एक लाडू फुंकून तोंडात टाकला,
चघळत थांबली.
"वास येतोय गं."
"कसला?"
"तुझाच की."
आणि दुसरा उचलला.

डबीत आईने दोऱ्याचं रीळ ठेवून दिलं,
झाकण न लावता.
मग एकेक तीळ बोटाच्या ओल्या टोकावर घेत
पुटपुटत राहिली,
इरवै ऐदूपर्यंत,
आणि थांबली.
फरशीवर अजून कितीतरी होते.